नकाराचे कारण

गेल्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, आमची एक भाची भेटीस आली. छोटा उदेपूर जिल्ह्यातील एका सरकारी शाळेत ती बारा वर्षे शिकविते. घरी मराठी, शाळेत गुजराती आणि समोर बसलेल्या मुलांच्या तोंडी राठवी, अशा तीन भाषांत तिचा दिवस जातो. सहावीत आलेली मुले गुजराती धडा घडाघडा वाचतात, पण वाचले काय हे विचारले की खाली पाहतात. असे का होते, याचा नीट अभ्यास करावा आणि त्यावर शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करावी, ही तिची फार दिवसांची इच्छा. एम.एड. तिने नोकरी सांभाळूनच केले होते. एका विद्यापीठाची पीएच.डी.ची प्रवेशपरीक्षा तिने दिली. लेखी परीक्षेत ती पात्र ठरली, मुलाखत आठ-दहा मिनिटांची झाली आणि अंतिम यादीत तिचे नाव आले नाही.

आम्ही जन्मभर सरकारी नोकरी केली असल्यामुळे सवयीने म्हणालो, "माहितीच्या अधिकारात अर्ज कर." तिने तो आधीच केला होता. उत्तरही आले होते. मुलाखतीत तीसपैकी नऊ गुण, एवढाच मजकूर.

"मामा, नऊ मिळाले हे कळलं," ती म्हणाली. "पण एकवीस कशासाठी गेले, ते कोण सांगणार?"

या प्रश्नाला आमच्यापाशी त्या दिवशी उत्तर नव्हते. पुढे अनेक दिवस तो आमच्या मनात राहिला आणि त्यातूनच प्रस्तुत लेख झाला. प्रश्न वरकरणी एका भाचीचा आणि एका विद्यापीठाचा आहे. परंतु त्याच्या मुळाशी एक नैतिक प्रश्न आहे, असे आम्हांस वाटते. एका माणसाने दुसऱ्याला "तू पात्र नाहीस" असे सांगायचे, तर त्याबरोबर तो आणखी काय देणे लागतो?

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, पात्रतेची परीक्षा असूच नये, असे म्हणणे आम्हांस शक्य नाही. मुंबई विद्यापीठाने १९३६ मध्ये एम.एड. ही पदवी सुरू केली आणि १९४३ मध्ये शिक्षणशास्त्रातील भारतातील पहिली पीएच.डी. दिली. तेव्हा संशोधक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते आणि त्यांना गाळण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्या बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले. त्याच्या शिक्षणशास्त्र विभागात पुढे साठच्या दशकात प्रगत अध्ययन केंद्र आले. तेथील प्रा. एम. बी. बूच यांनी देशभरातील शैक्षणिक संशोधनाचा आढावा संपादित करून १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतरही असे आढावे निघत राहिले. शिक्षणाच्या क्षेत्रात काय शोधले गेले आणि काय राहून गेले हे एका ठिकाणी पाहता यावे, हा त्यामागील हेतू. परंतु प्रबंधांची संख्या वाढत गेली, तसा दर्जाचा प्रश्नही उभा राहिला. तीच प्रश्नावली, तेच कोष्टक, फक्त जिल्ह्याचे नाव निराळे, असे प्रबंध आमच्या परिचयाच्या प्राध्यापकांनी आम्हांस कपाटातून काढून दाखविले आहेत. मार्गदर्शकाचा वेळ आणि सरकारचा पैसा अशा कामी जावा, असे कोण म्हणेल?

शिवाय जागांचा हिशेब आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या आणि नंतर २०२२ च्या नियमांप्रमाणे एका प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार पीएच.डी.चे विद्यार्थी असू शकतात. अर्ज शंभर आणि जागा दहा असतील, तर नव्वदांना नाही म्हणावेच लागते.

परंतु येथेच एक भेद आहे आणि तो आपण सहसा करीत नाही. "जागा नाही" हा एक नकार झाला. "योग्यता नाही" हा दुसरा. पहिल्या नकारात मनुष्याला लहान ठरविलेले नसते. आगगाडीत आरक्षण मिळाले नाही म्हणून कोणी स्वतःला प्रवासास अपात्र समजत नाही. दुसरा नकार मात्र त्याच्या बुद्धीवर आणि तयारीवर दिलेला निवाडा असतो. आमच्या पात्रता-परीक्षा या दोन नकारांचा एकच आकडा करून उमेदवाराच्या हाती ठेवतात. आकड्याच्या मागे कोणता नकार आहे हे उमेदवाराला कळत नाही. कित्येकदा देणाऱ्यालाही ते ठाऊक नसते.

आता ही परीक्षा कशी बदलत आली, ते थोडक्यात पाहू. अध्यापकपद आणि संशोधन-शिष्यवृत्ती यांसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, म्हणजे आपण जिला 'नेट' म्हणतो ती, १९८९ पासून होत आली आहे. तिचा तिसरा पेपर पूर्वी वर्णनात्मक असे. विद्यार्थ्याला आपल्या शब्दांत उत्तरे लिहावी लागत. जून २०१२ पासून तोही बहुपर्यायी झाला. २०१८ पासून दोनच पेपर राहिले. पहिल्यात ५० आणि दुसऱ्यात १०० प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, वेळ तीन तास. २००९ च्या नियमांनी पीएच.डी.साठी प्रवेशपरीक्षा आणि अभ्यासक्रम आवश्यक केले. २०१६ च्या नियमांनी लेखी परीक्षा केवळ पात्रतेपुरती ठेवून अंतिम निवड मुलाखतीवर सोपविली. त्यावर मोठा आक्षेप आला आणि २०१८ मध्ये लेखी परीक्षेस ७० टक्के व मुलाखतीस ३० टक्के असे प्रमाण ठरले. २०२४ मध्ये आयोगाने नेटचे गुणच पीएच.डी.च्या प्रवेशासाठी धरता येतील अशी सोय केली आणि तेथेही हेच ७० व ३० चे प्रमाण ठेवले. त्याच वर्षी १८ जून रोजी नऊ लाखांहून अधिक उमेदवारांनी नेट दिली आणि दुसऱ्याच दिवशी ती संपूर्ण परीक्षा रद्द झाली. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ती पुन्हा घ्यावी लागली.

या साऱ्या बदलांतून एक ओढाताण स्पष्ट दिसते. लेखी परीक्षेत चेहरा दिसत नाही, म्हणून पक्षपात होत नाही. पण माणूसही दिसत नाही. मुलाखतीत माणूस दिसतो. पण त्याचे आडनाव, त्याची भाषा, त्याचे कपडे, सारेच दिसते. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील एका समितीने २०१६ मध्ये प्रवेशाच्या तोंडी परीक्षेचे गुण कमी करावेत, अशी शिफारस केली होती, ती याच भेदभावाच्या शंकेपोटी. म्हणून आपण एकदा या टोकाकडे आणि एकदा त्या टोकाकडे जात राहिलो आहोत.

आम्हां जुन्या बडोदेकर मराठी घराण्यांना तरी या शंकेचे नवल वाटू नये. संस्थानी काळात आपल्यापैकी कित्येकांच्या आजोबा-पणजोबांना नोकऱ्या कशा लागल्या, याच्या कथा आपण घरोघरी कौतुकाने सांगत आलो. कोणाचे मामा खासगी खात्यात होते, कोणी कोणाचे नाव दिवाणसाहेबांच्या कानांवर घातले. त्या कथांत आपल्या माणसाची हुशारीही होती, हे खरे. पण त्याच दिवशी ज्याच्यासाठी कोणी शब्द टाकला नाही, असा एखादा हुशार मुलगा दारातून परत गेला असेल. त्याची कथा आपल्या घरात कोणी सांगत नाही. म्हणून समोरासमोरच्या पारखीचे गोडवे गाताना आपण जरा जपून बोलले पाहिजे. ज्या मुलाला कोणाची ओळख नाही, त्याला निनावी उत्तरपत्रिकेने दार उघडून दिले आहे. हे ऋण आम्ही मानतो.

तरीही निःपक्षपात म्हणजे न्याय नव्हे. निःपक्षपात हे न्यायाचे एक अंग झाले. दुसरे अंग आम्ही नोकरीत शिकलो. महसूल खात्यात असताना एखाद्याच्या नावावरील तीन गुंठे जमिनीचा वाद समोर आला, तरी आम्हांस आदेश लिहावा लागे आणि त्या आदेशात कारणे द्यावी लागत. अर्जदाराचे म्हणणे काय, कागद काय सांगतात, आम्ही कोणत्या निष्कर्षास आलो आणि कशावरून, हे सारे त्यात यावे लागे. कारणाविना दिलेला आदेश अपिलात टिकत नसे, आणि वरिष्ठांच्या शेऱ्यासह तो परत आला की मान खाली जाई. प्रारंभी हा आम्हांस निव्वळ जाच वाटे. पुढे ध्यानी आले की, कारण लिहिण्याची सक्ती ही अर्जदाराइतकीच आमच्याही हिताची होती. कारण लिहू लागले की मत बदलते. मनात पक्के झालेले 'नाही' कागदावर उतरताना कित्येकदा डळमळते.

तीन गुंठ्यांसाठी कारण, आणि बारा वर्षे जोपासलेल्या इच्छेसाठी केवळ आकडा! सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये परीक्षार्थीला आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क माहितीच्या अधिकारात आहे, असे ठरविले. ही मोठी गोष्ट झाली. नेटच्या बाबतीत उत्तरसूची प्रसिद्ध होते आणि तिच्यावर हरकत घेता येते, हेही खरे. यामुळे कोणता प्रश्न चुकला हे कळते. पण संशोधक म्हणून आपल्यात काय उणे आहे, हे मात्र शंभर प्रश्नांच्या उत्तरसूचीतून कळत नाही. मुलाखतीच्या आकड्यातून तर काहीच कळत नाही.

प्राचीन नालंदेविषयी ह्युएन त्संग याने जे लिहून ठेवले आहे, त्याची येथे आठवण होते. बाहेरून वादचर्चेसाठी येणाऱ्यांना तेथील द्वारपाल प्रथम कठीण प्रश्न विचारी, आणि दहांतील सात-आठ जण परत जात. म्हणजे परीक्षा कठोर होती आणि नकाराचे प्रमाण आजच्याहून फार निराळे नव्हते. परंतु प्रश्न समोरासमोर विचारला जात असल्यामुळे परत जाणाऱ्याला आपण कोठे अडखळलो ते ठाऊक असणार. परतीच्या वाटेवर विचार करायला त्याच्यापाशी काहीतरी होते. आमची भाची रिकाम्या हाताने परत आली.

अमेरिकेतील शिक्षणशास्त्राच्या अनेक विभागांत आणखी निराळी रीत आहे. तेथे विद्यार्थ्याला आधी प्रवेश मिळतो. दोनएक वर्षे अभ्यासक्रम झाल्यावर मोठी पात्रता-परीक्षा होते आणि तीत उत्तीर्ण झाल्यावरच तो प्रबंधास लागतो. कित्येक ठिकाणी प्रश्न घरी नेऊन काही दिवसांत विस्तृत उत्तरे लिहायची असतात आणि मग त्यावर प्राध्यापकांच्या समितीपुढे बोलायचे असते. ज्यांनी शिकविले, तेच तपासतात. जो अयशस्वी होतो, त्याला बहुधा कोठे कमी पडला ते सांगितले जाते आणि पुन्हा एकदा संधी मिळते. या पद्धतीतही जाच आहे. दोन वर्षे घालविल्यावर नकार आला तर तो अधिकच जड जातो, आणि समितीतील एखाद्याची मर्जी राखण्याचा प्रश्न तेथेही असतोच. परंतु तेथे परीक्षेकडे शिकण्याचाच एक टप्पा म्हणून पाहण्याची निदान इच्छा आहे. आपल्याकडे ती उंबरठ्यावरच संपते.

हा प्रश्न सर्वच विषयांचा आहे, मग शिक्षणशास्त्राचेच नाव का घ्यावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, या विषयाचे अध्ययनच परीक्षा म्हणजे काय याचे अध्ययन आहे. बेंजामिन ब्लूम या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने १९५६ मध्ये बौद्धिक उद्दिष्टांच्या सहा पायऱ्या मांडल्या. त्यांत माहिती स्मरणात ठेवणे ही सर्वांत खालची पायरी. हेच ब्लूम पन्नासच्या दशकाच्या अखेरीस भारतात आले आणि येथील परीक्षा-सुधारणेच्या कार्यास त्यांनी हातभार लावला. पाठांतराऐवजी आकलन तपासा, हे तेव्हापासून आपले शिक्षक-प्रशिक्षण सांगत आले. आणि आज पीएच.डी.च्या उमेदवाराला विचारले जाते काय? तर ब्लूमच्या सहा पायऱ्यांचा योग्य क्रम निवडा! बहुपर्यायी प्रश्नांतूनही विचारशक्ती तपासता येते, हे आम्ही नाकारीत नाही. पण तसे प्रश्न रचायला कष्ट पडतात आणि ते कष्ट दर वेळी घेतले जातात, असे भाचीने दाखविलेल्या जुन्या प्रश्नपत्रिकांवरून तरी दिसले नाही.

दुसरी विसंगती याहून मोठी आहे. शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्ये शाळेतील मुलाचे मूल्यमापन सातत्याने आणि सर्वांगीण व्हावे असे म्हटले. २०१९ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन पाचवी आणि आठवीच्या अखेरीस परीक्षा आली. पण जो मुलगा तीत अनुत्तीर्ण होईल त्याला अधिक शिकवावे आणि दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षेची संधी द्यावी, असे त्याच दुरुस्तीत लिहिले आहे. म्हणजे आमची भाची आपल्या वर्गातील अनुत्तीर्ण मुलाला नुसता आकडा देऊन घरी पाठवू शकत नाही. कायदाच तिला सांगतो की, याला काय येत नाही ते शोध, शिकव आणि पुन्हा विचार. तिच्या स्वतःच्या वाट्याला मात्र यांतले काहीच आले नाही. ज्या शास्त्राने तिला हे कर्तव्य शिकविले, त्याच शास्त्राच्या दारात तिला निराळा न्याय मिळाला.

येथपर्यंत लिहून आम्ही काही दिवस थांबलो होतो. कारण दुसऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वी आपली पाटी पाहिली पाहिजे. नोकरीच्या उत्तरार्धात आम्ही स्वतः अनेक निवड-समित्यांवर बसलो. सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत तीस-पस्तीस उमेदवार. दुपारनंतर आपण काय ऐकतो आहोत याचे भान विरळ होई. तरी प्रत्येकाच्या नावापुढे आकडा घालावाच लागे. एका तरुणाची आम्हांस आठवण आहे. उत्तर देताना तो थांबून विचार करी, आणि त्या थांबण्याचा आम्हांस कंटाळा आला होता. आम्ही तीसपैकी अकरा लिहिले. बाहेर पडताना दारात वळून तो म्हणाला, "साहेब, काही चुकलं असेल तर सांगा." आम्ही म्हणालो, "निकाल लागेल तेव्हा कळेल." निकाल लागला, आणि त्याला काय कळले असेल? अकरा. त्या अकराचा अर्थ आज कोणी विचारला तर आम्हांस सांगता येणार नाही. गुंठ्यांच्या आदेशात कारणे लिहिणारे आम्ही, त्या दिवशी एक ओळही लिहिली नाही. कोणी मागितली नाही, म्हणून दिली नाही. भाचीला नऊ गुण देणारे प्राध्यापकही आमच्याहून वाईट नसतील. तेही दुपारचे थकलेले असतील.

म्हणून आमचे मागणे थोडके आहे. व्यवस्था उलथून टाका असे आम्ही म्हणत नाही. लेखी परीक्षा निनावीच राहो. जागा मर्यादितच राहतील. परंतु मुलाखतीपर्यंत पोहोचलेल्या उमेदवाराला नकार देताना तो कोणता नकार आहे, हे स्पष्ट लिहावे. जागा नसेल तर तसे. तयारी कमी वाटली तर कशाची, हे दोन-चार ओळींत. तीस उमेदवारांसाठी दोन-चार ओळी लिहिणे म्हणजे फार तर एका संध्याकाळचे काम. यामुळे तक्रारी आणि दावे वाढतील, असे आमचे एक विद्यापीठीय स्नेही म्हणाले. काही वाढतीलही. महसूल खात्यातही वाढले होते. पण ज्याला कारण पटते, तो बहुधा अपिलात जात नाही, हाही आमचा अनुभव आहे. कारण न मिळालेला मनुष्य मात्र जन्मभर मनातल्या मनात अपील करीत राहतो.

भाचीची हकिगत पुरी करतो. आमच्या परिचयाचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत. आम्ही तिचा आराखडा त्यांच्याकडे नेला. वशिल्यासाठी नव्हे, केवळ वाचून पाहा म्हणून. आठवड्याने त्यांनी अर्धे पान लिहून दिले. विषय खरा आहे आणि तो वर्गात उभे राहिल्यावाचून सुचणारा नाही, असे पहिल्या ओळीत होते. पुढे लिहिले होते की, मुलाला वाचलेले 'समजले' हे तुम्ही कसे मोजणार, याचा आराखड्यात पत्ताच नाही. राठवीतून सांगितलेले उत्तर ग्राह्य धरणार की गुजरातीतूनच हवे, हे ठरविल्याशिवाय सारा अभ्यास डोलारा ठरेल.

तिने ते अर्धे पान दोनदा वाचले. आम्हांस वाटले, तिला वाईट वाटेल. ती म्हणाली, "मामा, म्हणजे नऊ बरोबरच होते की. एवढंच तेव्हा कोणी सांगितलं असतं तर माझं एक वर्ष वाचलं असतं."

सध्या ती रविवारी वह्या घेऊन बसते. राठवीतून सांगितलेली उत्तरे कशी नोंदवावीत, याची तिने एक तक्ता करून पडताळणी चालविली आहे. पुढल्या परीक्षेत तिचे काय होईल ते आम्हांस ठाऊक नाही. कदाचित पुन्हा नकार येईल, आणि तो योग्यही असेल.

या पत्रिकेच्या वाचकांत आजी-माजी शिक्षक, प्राध्यापक आणि अधिकारी पुष्कळ आहेत. त्यांतील ज्यांच्यावर अजून कोणाच्या नावापुढे आकडा घालण्याचा प्रसंग येतो, त्यांनी आकड्याखाली दोन ओळी लिहाव्यात, एवढीच विनंती. आम्ही त्या लिहिल्या नाहीत. त्या तरुणाचे नावही आता आम्हांस आठवत नाही.